नऊ वर्षं उभी असलेली १९७८ ची पद्मिनी: सुरुवात इंजिनापासून की पत्र्यापासून?

नौपाडा_दहावी

सर्वांना नमस्कार. परीक्षा संपली, आता जूनपर्यंत वेळ आहे. आजोबांची १९७८ ची प्रीमियर पद्मिनी नौपाड्यात आमच्या बिल्डिंगच्या आवारात पत्र्याच्या शेडखाली नऊ वर्षं उभी आहे. गिअर स्टेअरिंगच्या दांड्यावर, डायनॅमो मूळचा. सीएनजी किंवा दुसरा कुठलाही बदल केलेला नाही.

आत्ताची स्थिती: इंजिन हाताने फिरत नाही. ब्रेकचं पेडल खाली टेकतं. ड्रायव्हरच्या पायाखालचा पत्रा बोटाने दाबला तरी तुटतो, डाव्या दाराखालचा सिलही सडलाय. टाकीत जुनं पेट्रोल आहे, उघडली की व्हार्निशसारखा वास येतो. आरसी अजून आजोबांच्या नावावर आहे, ते आता नाहीत.

माझ्याकडे पान्यांचा सेट, स्क्रू ड्रायव्हर आणि एक हायड्रॉलिक जॅक आहे. बाबांनी चाळीस हजार दिलेत, पुढे थोडे थोडे देणार आहेत. आधी इंजिन करू की पत्रा? पावसाळ्याआधी रंग होईल का? पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक लावावेत का? आणि कागदांचं काय करायचं? मी याआधी फक्त सायकल आणि बाबांच्या स्कूटरचा प्लग एवढंच उघडलंय.

---

जुनापाना

आधी जॅक स्टँड घे. आपल्याकडे गॅरेजवाले त्याला घोडी म्हणतात. चार घे, प्रत्येकी निदान दोन टनांच्या. हायड्रॉलिक जॅकचं सील कधीही सुटतं, त्यामुळे नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली हातसुद्धा घालायचा नाही. विटा किंवा पेव्हर ब्लॉकही चालणार नाहीत, ते भाराने अचानक फुटतात. तुझा सिल सडलाय, म्हणून घोडी सिलखाली लावू नकोस. मागे ॲक्सलखाली लाव, पुढे सस्पेन्शनच्या क्रॉस मेंबरखाली.

दुसरं म्हणजे गाडी पूर्ण उघडू नकोस. नवशिक्यांच्या बहुतेक गाड्या इथेच अडकतात. महिन्याभरात सगळं सुटं होतं आणि मग कुठला बोल्ट कुठला ते कळत नाही. एका वेळी एकच भाग उघड. उघडण्याआधी तीन बाजूंनी फोटो काढ, बोल्ट झिपच्या पिशवीत घाल आणि पिशवीवर मार्करने लिही. तुटलेला भागही टाकू नकोस. स्पेअर आणायला जाशील तेव्हा तोच नमुना लागेल.

आता इंजिन. ते जाम आहे म्हणून आत्ताच खाली उतरवायचं कारण नाही. नऊ वर्षांत पिस्टनच्या रिंगा सिलिंडरला गंजून चिकटतात, बहुतेक वेळा त्या सुटतात. गिअर न्यूट्रलला ठेव. चारही प्लग काढ, आधी भोवतीची धूळ फुंकून घे म्हणजे ती आत पडणार नाही. प्रत्येक भोकातून १५ ते २० मिली एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल) आणि डिझेलचं निम्मं-निम्मं मिश्रण ओत. तीन-चार दिवस तसंच राहू दे, रोज थोडं थोडं भर घाल. मग क्रँक पुलीच्या नटावर लांब पाना लावून घड्याळाच्या काट्याच्या दिशेने हळू जोर दे. केसभर जरी हललं तरी थांब, उलट फिरव, पुन्हा पुढे घे. सेल्फ मारून सोडवायचा प्रयत्न करू नकोस, आणि गाडी दुसऱ्या गाडीला बांधून गिअरमध्ये ओढू नकोस. रिंग तुटते, आणि तुटलेली रिंग सिलिंडरवर चर पाडते. मग सिलिंडर बोअर करण्यावाचून (आतून कापून मोठा करण्यावाचून) पर्याय उरत नाही.

मोकळं फिरायला लागलं की टॅपेट कव्हर काढ आणि कुणाला तरी पुली फिरवायला सांगून आठही रॉकर (व्हॉल्व्ह दाबणारे दांडे) वर-खाली होतात का बघ. एखादा व्हॉल्व्ह गाइडमध्ये अडकलेला असेल आणि तसंच सुरू केलं तर पुश रॉड वाकतो. अडकलेल्या व्हॉल्व्हच्या दांड्यावर तेल सोडून वरून लाकडाने हलके टोले दे.

यानंतर ऑइल आणि फिल्टर बदल. २०डब्ल्यू-५० चालेल, किती ते डिपस्टिक सांगेल. कॉइलची वायर काढून, प्लग बाहेरच ठेवून, सेल्फ दहा-दहा सेकंद मार. ऑइलचा दिवा विझला पाहिजे. विझला नाही तर पुढे जायचं नाही.

मग कॉम्प्रेशन (प्रत्येक सिलिंडरमधला दाब) घे, गेज भाड्यानेही मिळतो. चारही प्लग बाहेर, एक्सलेटर पूर्ण दाबलेला, बॅटरी चार्ज केलेली. चारही आकडे इथे लिही. आकडा किती यापेक्षा चारांमध्ये फरक किती हे महत्त्वाचं. दहा टक्क्यांपर्यंतचा फरक चालतो.

टाकी सध्या जोडू नकोस. एक लिटरचा धातूचा डबा घे, त्यातून नवी नळी थेट इंजिनावरच्या पेट्रोल पंपाला दे, आणि डबा इंजिनपासून दूर ठेव. पंपाचा डायफ्राम आणि सगळ्या रबरी नळ्या बदल. आता बाजारात मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, जुनं रबर त्यात फुगतं आणि भेगाळतं. नळी इथेनॉलला टिकणारीच माग, साधी काळी नळी काही महिन्यांत पाझरू लागते. शेजारी दोन किलोचा एबीसी पावडरचा अग्निशामक हवाच. टाकीला गळती असेल तर तिला झारण किंवा वेल्डिंग कुणालाही करू देऊ नकोस, रिकाम्या टाकीतली वाफ जास्त धोक्याची असते.

डेल्कोचे (डिस्ट्रिब्युटरचे) पॉइंट बारीक पेपरने साफ कर, फट ०.४ ते ०.५ मिमी ठेव, कंडेन्सर नवा घाल. फायरिंग ऑर्डर १-३-४-२. इंजिनपासून बॉडीला जाणारी अर्थची पट्टी शाबूत आहे ना ते सेल्फ मारण्याआधी बघ. ती तुटलेली असेल तर सेल्फचा करंट चोक किंवा एक्सलेटरच्या केबलमधून परतीची वाट शोधतो आणि केबल लाल होऊन जळते.

---

पत्राकाम_कळवा

इंजिनच्या क्रमाबद्दल वरच्यांशी सहमत. पण पैसे कुठे घालायचे याबद्दल माझं मत वेगळं आहे. चाळीस हजारांतला मोठा वाटा पत्र्यासाठी राखून ठेव. पद्मिनीला वेगळी चॅसिस नाही. मजला, सिल आणि छत मिळूनच गाडीचा कणा आहे. इंजिन बिघडलं तर दुसरं मिळेल, बॉडी वाकली तर गाडी संपली.

आधी गंजाचा नकाशा काढ. बोथट स्क्रू ड्रायव्हर घेऊन ठोकत जा. चांगला पत्रा टणटण वाजतो, सडलेला धप्प आवाज करतो. सिल, चारही पायांखालचा मजला, बॅटरीचा ट्रे, स्टेपनीची जागा, मागच्या पाट्यांचे (स्प्रिंगचे) हँगर जिथे बॉडीला मिळतात तो भाग, पुढच्या काचेची खालची कड, दारांच्या खालच्या घड्या. जाड डांबरी लेपाला फसू नकोस, तो खरवडून बघ. ठाण्यात खाडीचा खारा वारा आणि चार महिन्यांची ओल, त्यामुळे लेपाखाली पाणी अडकलं की पत्रा आतून बाहेर सडत येतो. पाट्यांचे हँगर आणि पुढच्या सस्पेन्शनच्या जागा सडलेल्या असतील तर आधी ते सांग, मग पुढचं सगळं गणित बदलेल.

सिल कापण्याआधी दाराच्या चौकटीत २५ मिमीचा चौकोनी पाइप आडवा आणि तिरका टाचून घ्यायचा. नाहीतर कापल्याबरोबर गाडी मधून खचते आणि नवा सिल त्या खचलेल्या आकारातच वेल्ड होतो. नंतर दार लागत नाही. एका वेळी एकच बाजू करायची, आणि प्रत्येक टप्प्यावर दार लावून फट मोजायची. मजल्याला १८ गेज, म्हणजे साधारण १.२ मिमीचा सीआरसी पत्रा, बाहेरच्या भागाला २० गेज. काम मिग वेल्डिंगनेच करून घे, तार ०.८ मिमी. गॅस वेल्डिंगने पातळ पत्रा लाटांसारखा वाकतो. सलग शिवण मारायची नाही. २५-३० मिमीवर एकेक टाका, इकडे एक मग तिकडे एक, पत्रा थंड होऊ देत. सडलेल्या पत्र्यावर वरून नवा तुकडा रिव्हेट करून देणारे भेटतील, फायबर चोपडणारेही भेटतील. दोन पावसाळ्यांत खालचा गंज रिव्हेटच्या भोकांतून वर येतो.

हे वेल्डिंग सोसायटीच्या आवारात करू नकोस. वेल्डरला पैसे दे आणि शेजारी उभा राहून बघ. त्याआधी बॅटरी, सीट, कार्पेट, टाकी आणि पेट्रोलची पाइपलाइन काढून ठेवणं तुझं काम. मजल्यावरचा डांबरी थर खरवडणंही तुझंच. तो ठिणगीने पेटतो आणि धूर भयंकर असतो.

रंग पावसाळ्याआधी नाही. पुट्टी स्पंजसारखी पाणी पिते. जून ते सप्टेंबरात ती उघडी राहिली तर वरच्या रंगाला वर्षभरात फोड येतात. एनसी (नायट्रोसेल्युलोज) रंग दमट हवेत पांढुरका पडतो, कारण थिनर उडताना पृष्ठभाग गार होतो आणि हवेतली वाफ त्यावर बसते. म्हणून आत्ता उघडा पत्रा वायर ब्रश आणि ८० नंबरच्या पेपरने साफ कर, फॉस्फोरिक आम्लाचं रस्ट कन्व्हर्टर लाव, बाटलीवर लिहिल्याप्रमाणे धू, वाळव आणि त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमर मार. आपल्या हवेत साफ केलेला पत्रा रात्रभरात तांबूस होतो. साधा सरफेसर प्रायमर यासाठी चालत नाही, तो पाणी आत घेतो. रंग दिवाळीनंतर. पुट्टी कुठेही दोन-तीन मिमीपेक्षा जाड नको, खड्डा त्याहून खोल असेल तर पत्रा ठोकून वर आणायचा.

आणि टूके पीयू (हार्डनर मिसळून मारायच्या पॉलियुरेथेन) रंगाचा फवारा स्वतः मारायचा विचारही करू नकोस. त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, त्याने कायमचा दमा लागू शकतो आणि साधा मास्क ते अडवत नाही. घासकाम तू कर, फवारा पेंटरला मारू दे. जुना रंगही ओल्या पेपरनेच घास, त्या काळच्या रंगांत शिसं असू शकतं.

---

रबाळे_ड्रम

एक गोष्ट वर कुणी लिहिली नाही: इंजिन सुरू झालं तरी ब्रेक पूर्ण होईपर्यंत गाडी स्वतःच्या जोरावर एक फूटही हलवायची नाही. आवाराला उतार असेल तर चाकांना लाकडी ठोकळे लाव, सडलेल्या हँडब्रेकवर भरवसा नको.

या गाडीत चारही ड्रम आणि तेलाचं सर्किट एकच. एका चाकाचा सिलिंडर फुटला की चारही चाकांचे ब्रेक जातात. म्हणून जिथे गळतंय तेवढंच करू, हे इथे चालत नाही. मास्टर सिलिंडर, चारही चाकांचे सिलिंडर, तिन्ही रबरी होज, सगळं एकाच वेळी कर. सिलिंडरच्या आत नख फिरव. खड्डे लागले तर नुसता रबर किट घालून उपयोग नाही, नवा रबर त्याच खड्ड्यावर घासून पुन्हा गळतो. पूर्ण सिलिंडर घे, आणि बोअरचा आकार जुन्याशी जुळवून घे.

ड्रम उघडताना आतली काळी धूळ कॉम्प्रेसरने उडवू नकोस. जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. पाण्याचा फवारा मारून ओल्या कपड्याने पुस, कपडा पिशवीत बांधून टाक. ब्रेकचे रबर पेट्रोल-डिझेलने कधीच धुवायचे नाहीत, ते फुगतात आणि ब्रेक सुटत नाही. ब्रेक ऑइलनेच धू. ऑइल डॉट ३, नवी सीलबंद बाटली. उघडी बाटली हवेतलं पाणी ओढते, आपल्याकडे तर फारच लवकर. आणि ते रंगावर सांडू नकोस, रंग उचलला जातो.

धातूची पाइप गंजलेली असेल तर स्टीलची किंवा कॉपर-निकलची घाल. साधी तांब्याची नळी वाकवायला सोपी म्हणून लावून देतात, पण ती कंपनाने कडक होऊन फ्लेअरपाशी चिरते.

तेलातली हवा काढताना, म्हणजे ब्लीड करताना, आधी शू ड्रमला हलके घासतील इतपत ॲडजस्ट कर, नाहीतर पेडल कितीही ब्लीड केलं तरी खालीच राहतं. मग मास्टरपासून सगळ्यात लांबचं चाक आधी: मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं. पेडल दाबायला दुसरा माणूस हवा.

डिस्क ब्रेक नको. ब्रॅकेट बनवावा लागतो, मास्टरचा आकार जुळत नाही, आणि चूक झाली तर कळते ती उतारावर. ड्रम गोल असतील आणि शू पूर्ण टेकत असतील तर या गाडीच्या वेगाला ते पुरतात. टायरवरचा चार अंकी आकडा बघ, पहिले दोन आठवडा आणि शेवटचे दोन वर्ष. दहा वर्षांहून जुना टायर खोल नक्षी असली तरी काढून टाक. चाक उचललेलं असतानाच वरून-खालून धरून हलव. खटखट वाजलं तर किंगपिनचे बुश किंवा बेअरिंग. आधी सगळ्या निपलमधून जुनं ग्रीस बाहेर येईपर्यंत नवं भर, मग पुन्हा तपास.

---

सीवूड्सची_ताई

कागद शेवटी करू म्हणू नकोस. ते आत्ताच सुरू कर, कारण त्यात वेळ जातो आणि त्यावरून गाडीत काय बदलायचं तेही ठरतं.

पहिलं काम, चॅसिस नंबर आणि इंजिन नंबर आरसीशी ताडून बघ. जुळले तर फोटो काढून ठेव. गंजकाम करताना चॅसिस नंबरच्या जागेवर ग्राइंडर लागू देऊ नकोस. तो नंबर गेला तर पुढे काहीच होत नाही.

मालक वारले असतील तर वारसाच्या नावावर करायला फॉर्म ३१, सोबत मृत्यूचा दाखला आणि बाकी वारसांची संमती. नाव बाबांचं किंवा आईचं लावा. नोंदणीचं नूतनीकरण फॉर्म २५ ने, ते पाच वर्षांसाठी होतं. गाडी आरटीओला प्रत्यक्ष दाखवावी लागते, म्हणून ते ब्रेक आणि दिवे झाल्यावर. उशिराच्या महिन्यांचा दंड आणि पर्यावरण कर भरावा लागेल. आजची फी परिवहनच्या संकेतस्थळावर बघून मगच बजेट बांधा. एप्रिल २०१९ आधीच्या गाड्यांना नवी एचएसआरपी (उच्च सुरक्षा) नंबर पाटीही लागते. जुन्या गाड्यांवरची दहा-पंधरा वर्षांची बंदी दिल्ली परिसरात आहे, महाराष्ट्रात नाही. तेवढी भीती काढून टाक.

तुझी गाडी १९७८ ची आहे, २०२८ मध्ये तिला पन्नास वर्षं होतील. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं झालेल्या खासगी गाडीला व्हिंटेज नोंदणी मिळू शकते, नंबरात व्हीए अक्षरं येतात, मुदत दहा वर्षं. अट अशी की चॅसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरबदल झालेला नसावा. मात्र अशी गाडी रोज फिरवता येत नाही, प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती आणि इंधन भरणं एवढ्यासाठीच. ती नोंदणी हवी की नको हे नंतर ठरवा, पण दार उघडं ठेवायचं असेल तर सगळं मूळचंच ठेव. डिस्क ब्रेक, दुसरं इंजिन, वेगळा रंग, यातलं काहीही करण्याआधी आरसीवर काय लिहिलंय ते वाच. इंजिन किंवा रंग बदलला तर आरटीओत नोंद करावी लागते.

आणि बाळा, अठरा पूर्ण होईपर्यंत ही गाडी रस्त्यावर तू चालवायची नाहीस, वागळे इस्टेटपर्यंतसुद्धा नाही. अल्पवयीन मुलाने चालवली तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९९अ प्रमाणे पालकांना पंचवीस हजार दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, वर गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते. कुठे न्यायची असेल तर फ्लॅटबेड टोइंग मागवा.

---

नौपाडा_दहावी

सर्वांचे मनापासून आभार. घोडी आणल्या, मागे ॲक्सलखाली लावल्या. पाट्यांचे हँगर ठोकून पाहिले, टणटण वाजतात. दोन्ही नंबर आरसीशी जुळले. इंजिन पाचव्या दिवशी सुटलं. आठही रॉकर हलतात, ऑइलचा दिवा विझला.

कॉम्प्रेशन पौंडांत: पहिला ११८, दुसरा ११५, तिसरा ६०, चौथा ६२. प्रत्येकात चमचाभर ऑइल टाकून पुन्हा घेतलं. पहिल्या दोघांत थोडं वाढलं, तिसऱ्या-चौथ्यात काहीच फरक नाही. म्हणजे इंजिन उतरवावं लागणार का?

---

जुनापाना

नाही. तू पद्धतशीर घेतलंस, म्हणून निदान सोपं झालं. रिंगा गेल्या असत्या तर ऑइलने फट बुजून आकडा वर गेला असता. शेजारचे दोन सिलिंडर सारखेच खाली आणि ऑइलने फरक नाही, म्हणजे त्यांच्यामधलं हेडचं पॅकिंग (इंजिनाचं वरचं झाकण आणि ब्लॉक यांमधलं गॅस्केट) जळलंय अशी दाट शक्यता. व्हॉल्व्ह असते तर दोन्ही इतके सारखे उतरले नसते. खात्रीसाठी तिसऱ्याचा पिस्टन वर आणून, दोन्ही व्हॉल्व्ह बंद असताना, प्लगच्या भोकातून कॉम्प्रेसरची हवा दे. चौथ्याच्या भोकातून फुस्स आली की झालं. हवा देताना पुलीपासून हात दूर ठेव, इंजिन फिरू शकतं.

इंजिन जागेवर ठेवूनच हेड काढता येतं. आधी रेडिएटर आणि ब्लॉकचं पाणी पूर्ण काढ. नट बाहेरून आत, प्रत्येक वेळी थोडे थोडे सैल कर. पुश रॉड पुठ्ठ्याला भोकं पाडून क्रमाने खोचून ठेव, ते त्याच जागी परत जायला हवेत. हेड चिकटलं असेल तर फटीत छिन्नी घालू नकोस. हेड ॲल्युमिनियमचं आहे, एक ओरखडा पडला की नवं पॅकिंगही तिथेच जळेल. लाकडाने बाजूंनी ठोक.

---

वागळे_लेथ

हेड मशिन शॉपला देताना नुसतं "फेस मारून द्या" (खालचा पृष्ठभाग ग्राइंड करून सपाट करा) म्हणू नकोस. नाहीतर विचारल्याशिवाय अर्धा मिमी काढून देतात, आणि पुढच्या वेळी काढायला काही उरत नाही. आधी सपाट पट्टी ठेवून फीलर गेजने सहा जागी तपासून घ्यायचं: लांबीत दोन, रुंदीत दोन, कर्ण दोन. पट्टीखाली ०.०५ मिमीची पाती शिरत नसेल तर ग्राइंडिंग नकोच, नुसतं साफ करून परत आण. शिरत असेल तर सपाट होण्यापुरतंच काढायला सांग आणि किती काढलं ते बिलावर लिहून घे. ब्लॉकचा वरचा पृष्ठभागही तिसऱ्या-चौथ्याच्या मधे तसाच तपास, तिथे जळून चर पडलेला असतो.

पाण्याच्या भोकांच्या कडा नीट बघ. लोखंडी ब्लॉक, ॲल्युमिनियमचं हेड आणि वर्षानुवर्षं नळाचं पाणी, यामुळे त्या कडा कुरतडल्या जातात. खड्डा पॅकिंगच्या कडीपर्यंत आला असेल तर ॲल्युमिनियम भरून मग फेस करावा लागतो. हेड उघडलंच आहे तर व्हॉल्व्ह लॅप करून (पेस्टने सीटवर घासून बसवून) घे आणि गाइडचा खेळ तपास. व्हॉल्व्हच्या सीटमध्ये पेट्रोल ओतून पंधरा मिनिटं ठेव, मॅनिफोल्डच्या तोंडातून थेंब आला तर पुन्हा लॅप.

पॅकिंग घ्यायला कुर्ल्याला सीएसटी रोडवर जाशील तेव्हा जुनं सोबत ने आणि भोकं एकावर एक ठेवून जुळव. बसवताना पृष्ठभाग कोरडे आणि स्वच्छ हवेत. नट मधून बाहेर अशा क्रमाने, तीन टप्प्यांत, टॉर्क पान्याने, आकडा गाडीच्या मॅन्युअलमधला. नंतर टॅपेट (व्हॉल्व्हची फट) ॲडजस्ट, आणि पाण्याऐवजी कूलंट व डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं. इंजिन एकदा तापून पूर्ण गार झाल्यावर, दुसऱ्या दिवशी, नट पुन्हा त्याच क्रमाने तपास आणि त्यानंतर टॅपेटही पुन्हा बघ, कारण नट बसले की फट कमी होते.